तारेतली चमक

मस्तगड, जालना
१२ ऑगस्ट २००४

प्रिय बेबीनंदा,

जयभीम. काकाचं पत्र आलं म्हणजे काहीतरी वाईट घडलं असणार, असं तुझ्या मनात येईल, म्हणून आधीच सांगतो, घरी सगळे बरे आहेत. तुझ्या आईचा, केशरवहिनींचा गुडघा दुखतो तो दुखतोच, पण रोज संध्याकाळी विहारात चालत जाऊन येतात. तुझा बाप सकाळचा चहा घेतला की माझ्या दुकानात येतो आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बसतो. रोलिंग मिल त्यानं सोडली. का सोडली ते पुढं लिहितो. माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान अजून मस्तगडलाच आहे, पाटी तेवढी नवी केली. पावसाळ्यात विहिरीवरच्या मोटारी जळून येतात, त्यामुळं कामाला तोटा नाही, पण आज दुकान उघडलेलं नाही. तू लातूरच्या दवाखान्यात नोकरीला लागल्यापासून आपलं बोलणं फोनवरच्या ‘कशी आहेस, बरी आहे’ याच्या पलीकडं गेलं नाही. आज ते सगळं एकदमच लिहून काढणार आहे. ड्युटी झाली, जेवण झालं की मग निवांत वाच.

तुझ्या बापाची, साहेबरावची जुनी गिटार तुला अंधुक आठवत असेल. ती गेली तेव्हा तू पहिलीत होतीस. पण ती आली कशी, हे तुला कोणी नीट सांगितलं नसेल. मी आणि तुझा बाप जालन्याला आयटीआयला होतो, मी वायरमनला, तो फिटरला, आणि राहायला एकच खोली. तो घनसावंगीचा, मी तिथून दोन कोसांवरच्या खेड्यातला. त्याचा मामा सिकंदराबादला रेल्वेत होता. तिथलं एक अँग्लो-इंडियन कुटुंब देश सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून मामानं ही गिटार घेतली आणि भाच्याला दिली. अमेरिकेत बनलेली, मागच्या पाटीवर बासष्ट साल कोरलेलं. कंपनीचं नाव घासून घासून गेलं होतं. रंग मूळचा पांढरा असावा, आमच्याकडं आली तेव्हा ती जुन्या हस्तिदंतासारखी पिवळी पडली होती. ती विजेवर चालते हेच आधी आम्हाला कळेना. मग मी रेडिओच्या सुट्या भागांतून एक अँप्लिफायर जोडला, एकाऐंशी साली, त्याच खोलीत. साहेबरावनं पहिली तार छेडली आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघतच राहिलो. तार सुटते त्या क्षणाला त्या गिटारीत एक चमक होती. पुढचा सूर गोल, भरलेला, पण सुरुवातीला ती चमक. त्या आवाजाला आम्ही दुसरा शब्द कधी शोधलाच नाही.

त्याच वर्षी तो मिलमध्ये लागला. दिवसा लालभडक सळया रुळांतून ओढायच्या, सुट्टीला आमची गायन पार्टी. ढोलकीवर कचरू, पेटीवर कोणी ना कोणी, आणि गिटारवर साहेबराव. जयंतीला, धम्मचक्र दिनाला, कोणाच्या घरभरणीला बोलावणं आलं की आम्ही जीप करून निघायचो. भीमगीतांना विजेची गिटार तेव्हा आमच्या भागात कोणी वापरत नव्हतं. अंकुशनगरला ऊसतोड मजुरांसमोर पहिल्यांदा वाजवलं तेव्हा एक म्हातारी अगदी पुढं येऊन बसली आणि कार्यक्रम संपल्यावर मला म्हणाली, “बाबा, ही कोन्ती सतार म्हनायची? काळजात जाती.” तेव्हापासून लोक पार्टीला नावानं बोलवायचे नाहीत, ‘ती काळजात जाणारी सतार घेऊन या’ म्हणायचे. साहेबराव तसा कमी बोलणारा. मिलमध्ये त्याला कोणी मोजत नव्हतं, गावात तर त्याच्या जातीवरूनच मोजत होते. पण गिटार गळ्यात पडली की तो ताठ व्हायचा. एकदा मला म्हणाला होता, “मच्छिंद्र, हिचा आवाज ऐकला की मला वाटतं, मी बी काहीतरी हाय.” ते वाक्य मी विसरलो नाही.

अठ्ठ्याऐंशीच्या ऑक्टोबरात ती गेली. घनसावंगीच्या पुढच्या एका गावचा धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम आटोपून दुपारी निघालो होतो. वर कुठंतरी पाऊस झाला असावा, ओढ्याला पाणी होतं. ड्रायव्हर म्हणाला, निघू जल्दी, आणि मधोमध जीप बंद पडली. आम्ही उतरून एकमेकांचे हात धरून काठ गाठला. कचरूनं ढोलकी डोक्यावर घेतली होती. गिटारची पेटी मागं टपावर बांधलेली. साहेबराव वळून परत पाण्यात निघाला, मी त्याला कमरेला मिठी मारून पाडलं. तो ओरडत होता, मला मारत होता. आमच्या डोळ्यांसमोर जीप कलंडली आणि पेटी सुटून गेली. तिसऱ्या दिवशी एका शेतकऱ्याला ती उसात अडकलेली सापडली. लाकूड फुगून चिरा पडल्या होत्या, मान तुटली होती. साहेबरावनं ती मांडीवर घेतली आणि आतलं गाळाचं पाणी निघेपर्यंत हलवत बसला. तुझी आई त्याच्याशेजारी बसून होती.

त्यानंतर त्यानं हात लावला नाही कशाला, जवळजवळ वर्षभर. मग मीच औरंगाबादहून एक स्वस्तातली गिटार आणली, कलकत्त्याची, लाल रंगाची. तीच जी पुढं तुझी झाली. म्हटलं, वाजवायला तर लाग. त्यानं दोन मिनिटं वाजवली आणि खाली ठेवली. आवाज असा की पत्र्यावर खिळा ओढावा. पण मी तेव्हा ऐन उमेदीत होतो. म्हटलं, साहेबराव, शेवटी ही वीजच आहे. जुनीच्या पोटात काय होतं ते मी कितीदा खोलून पाहिलंय, डाग द्यायला, झाळायला. माझ्या डोळ्यासमोर अख्खी जोडणी आहे. तसंच्या तसं हिच्यात करतो.

गिटारच्या तारांखाली पिकअप असतो, तुला माहीतच आहे. लोहचुंबकाच्या लहान दांड्या आणि त्यांच्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर तार थरथरली की कॉइलमध्ये वीज थरथरते, तोच पुढं आवाज. म्हणजे माझ्याच धंद्यातलं काम, फक्त मोटारीच्या कॉइलला मनगट लागतं आणि इथं श्वास रोखावा लागतो. बुडालेल्या गिटारीच्या कॉइली गाळानं सडून गेल्या होत्या, पण लोहचुंबक शाबूत होते. ते मी काढून घासून ठेवले आणि लाल गिटारीच्या पिकअपमध्ये बसवले. बारीक तार मुंबईहून मागवली. पहिली कॉइल अर्ध्यात तुटली, दुसरी जास्त घट्ट झाली. आवाज कमी-जास्त करायचे पॉट बदलले, कारण स्वस्त गिटारीत लावलेले वेगळ्याच रोधाचे होते, त्यानं आवाज कर्कश होतो. टोनचा कपॅसिटर बदलला. जुनीत कापडाचं वेष्टण असलेली वायर होती, तशी मोडक्या रेडिओतून काढून आणली. साहेबराव पाळी संपली की दुकानात यायचा, वाजवून बघायचा आणि म्हणायचा, “गोलाई बराबर आली. पण चमक न्हाई.” मी परत खोलायचो. मला राग यायचा नाही. खरं सांगायचं तर त्या वर्षांइतकं सुख मला धंद्यात नंतर कधी मिळालं नाही. आम्ही दोघं एका आवाजाच्या मागं होतो आणि तो आवाज जगात फक्त आम्हालाच ठाऊक होता, असं वाटायचं.

त्र्याण्णव साली एक गोष्ट झाली, ती तेव्हा आम्ही हसण्यावारी नेली. मी नवीन गुंडाळलेली कॉइल बसवून गिटार अँप्लिफायरला लावली होती आणि साहेबराव एक जुनं गाणं वाजवत होता. कचरू रस्त्यानं सायकलवर चालला होता. त्यानं सायकल तशीच आडवी टाकली, धापा टाकत आत आला आणि म्हणाला, “नीट झाली का रे? कशी केली?” मी विचारलं, काय? म्हणाला, “आपली गिटार! आत्ता वाजून राह्यली की!” लाल गिटार बघून त्याचा चेहरा एवढासा झाला. साहेबराव हसला, म्हणाला, “कचरूभाऊ, ढोलकीवाल्याला कुठं चमक कळायची? हिच्यात ती न्हाई.” कचरू म्हणाला, “मला तर बिलकुल तीच वाटली गड्या.” आणि सायकल उचलून गेला. मलाही त्या दिवशी तीच वाटली होती. पण गिटार साहेबरावची, कान साहेबरावचे. तो नाही म्हणाला की माझ्या मनातली खात्री विरघळून जायची. मी ती कॉइल काढली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली.

पुढं पुढं त्याचं वागणं बदलत गेलं. कार्यक्रमात तो अँप्लिफायरचा उंच सुरांचं बटण पार टोकाला फिरवायचा आणि तारा खाली जिथं पट्टीवर टेकतात अगदी तिथं छेडायचा, चमक यावी म्हणून. ऐकणाऱ्यांचे कान टोचायचे. घनसावंगीत एका जयंतीला लोकांनी तोंडावर सांगितलं, भाऊ, ते यंत्र जरा बारीक करा. ज्या सतारीसाठी म्हातारी पुढं येऊन बसली होती तिला आता लोक यंत्र म्हणू लागले. त्याला वाटलं, गिटार खराब म्हणून असं होतं. बोलावणी कमी झाली, पार्टी मोडली, कचरू भजनी मंडळात गेला. घरीही साहेबराव एकलकोंडा होत गेला. वहिनी म्हणायच्या, “माझं हे काही ऐकतच न्हाईत,” आणि आपण सगळे हसायचो, कोणता नवरा ऐकतो म्हणून. सत्त्याण्णवमध्ये मीही हात टेकले. म्हटलं, साहेबराव, लाकूडच वेगळं आहे, यापुढं माझ्याच्यानं होणार नाही. तो म्हणाला, “तुझी काही चूक न्हाई मच्छिंद्र. गेलेली चीज गेली.”

मग ती गिटार तू उचललीस. पोरीच्या हातात गिटार बघून गल्लीतल्या लोकांनी काय काय म्हटलं ते मला आठवतं, आणि साहेबराव दारात उभा राहून “माझी पोरगी हाय, वाजवल” एवढंच म्हणाला, तेही आठवतं. तू नर्सिंगला औरंगाबादला गेलीस तेव्हा ती सोबत नेलीस. तिथं तुमचा मुलामुलींचा ग्रुप झाला, कॅसेट निघाली, हे सगळं मला वहिनींकडून कळत होतं. ते तू मला सांगितलेलं नाहीस आणि मी विचारलेलं नाही. ते पुढं येईलच. आधी या उन्हाळ्यात काय झालं ते सांगतो.

मे महिन्यात कचरू गेला. तुला कळवलं होतं. त्याच्या दिवसकार्यानंतर त्याच्या सुनेनं मला एक कॅसेट आणून दिली, म्हणाली, मामांच्या पेटीत होती, तुमच्या पार्टीची दिसते. शहाऐंशी सालच्या कार्यक्रमाची ती कॅसेट. कोणीतरी टेपरेकॉर्डर स्टेजवर ठेवून भरली असावी. मी एकट्यानं ऐकली नाही. दुसऱ्या दिवशी साहेबराव आला तेव्हा लावली. खरखर झाली, कचरूची थाप आली आणि मग ती गिटार. बेबी, माझ्या अंगावर काटा आला. सोळा वर्षांत तो आवाज ऐकला नव्हता. मी साहेबरावकडं बघितलं. तो कपाळाला आठ्या घालून ऐकत होता. मग म्हणाला, “हे कोन वाजवून राह्यलंय? आवाज मेलेला हाय.” मी म्हटलं, तूच की रे. जुनी गिटार आहे ही. तो म्हणाला, “मी? शक्यच न्हाई. टेपचं हेड घाण झालं असंल.” मी हेड स्पिरिटनं पुसलं, परत लावली. मला पहिल्यासारखीच लखलखीत ऐकू आली. तो मान हलवत राहिला. “चमक न्हाई.”

तुझी लाल गिटार तुमच्या माळ्यावर पडून होती. मी म्हटलं, घेऊन ये बरं. तो घेऊन आला. तारा गंजल्या होत्या, नवीन चढवल्या. मला दोन-चार सूर वाजवता येतात. कॅसेटवरच्या गाण्याचा तुकडा लावायचा, थांबवायचा आणि तोच तुकडा लाल गिटारीवर वाजवायचा, असं मी करत बसलो. काय सांगू पोरी तुला. लाकडाचा थोडा फरक सोडला तर दोन्हींचा आवाज सख्ख्या बहिणींसारखा होता. कचरू खोटं बोलला नव्हता. साहेबराव म्हणाला, “दोन्हीत न्हाई.” तेवढ्यात माझ्या हातातल्या घड्याळाचा गजर वाजला. ते इलेक्ट्रॉनिक घड्याळ दुपारच्या गोळीसाठी बारीक टिटटिट करतं. मी मुद्दाम बंद केलं नाही. साहेबराव माझ्या समोर, हाताच्या अंतरावर बसला होता. त्यानं वळून पाहिलं नाही. मी हात पुढं करून घड्याळ त्याच्या कानाला लावलं. त्याला वाटलं, मी चेष्टा करतोय. म्हणाला, “काय करून राह्यला?” मी विचारलं, काही वाजतंय का? तो म्हणाला, “न्हाई. बंद हाय ना ते.” घड्याळ वाजतच होतं.

मी त्याला औरंगाबादला कानाच्या डॉक्टरकडं नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी तपासलं, मग कागदावर आलेख काढून दाखवला. जाड सुरांपासून मधल्या सुरांपर्यंत रेघ बऱ्यापैकी सरळ आणि तिथून पुढं विहिरीत पडावी तशी खाली. डॉक्टरांनी विचारलं, कामाला कुठं आहात? रोलिंग मिल म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. म्हणाले, “मोठ्या आवाजात वर्षानुवर्षं राहिलं की आतल्या नसा अशा जातात. बारीक, उंच सूर आधी जातात. बाकीचं ऐकू येत राहतं, म्हणून माणसाला वाटतं आपले कान चांगले आहेत आणि जगच बिघडलंय.” साहेबरावनं विचारलं, कधीपासून? डॉक्टर म्हणाले, “आज कसं सांगू? दहा-बारा वर्षांपूर्वीच सुरुवात झालेली असणार. आता बोलणंही कमी कळत जाईल.” मशीन लावलं तर थोडा उपयोग होईल, पण गेलेले सूर परत यायचे नाहीत, असंही सांगितलं. मिल सोडली ती यामुळं. बाहेर आल्यावर तो दवाखान्याच्या कट्ट्यावर बसला. समोर कडुलिंबाचं झाड होतं आणि त्यात चिमण्यांचा नुसता कालवा. तो कितीतरी वर्षं म्हणत होता, आता गावात चिमण्याच राहिल्या नाहीत. मला त्या झाडाकडं बोट दाखवायचा धीर झाला नाही.

बेबी, मी तेव्हापासून एकच हिशेब मनाशी करतोय. म्हणजे गिटार जुळली होती. कधी जुळली ते आता कळायला मार्ग नाही. त्र्याण्णव साली कचरूनं सायकल टाकली त्या दिवशी बहुतेक. त्यानंतर मी जे खोललं, बदललं, परत गुंडाळलं, ते सगळं जुळलेल्या गोष्टीशी झटापट करणं होतं. आणि साहेबराव? जो आवाज त्याला परत पाहिजे होता तो त्याच्याच हातातून निघत होता, आजूबाजूचे सगळे ऐकत होते, फक्त त्याला ऐकू येत नव्हता. पार्टी मोडली ती कशापायी? त्याची तक्रार कोणाकडं करायची? मिलनं त्याचं घर चालवलं, तुला शिकवलं. सुरुवातीला सगळे कानात कापूस घालायचे, त्यानंच काढून टाकला, म्हणाला, दिवसभर कापूस घातला की घरी आल्यावरही कान दबलेलेच राहतात, गिटार नीट ऐकू येत नाही.

परत येताना एसटीत तो खिडकीशी बसला होता. बदनापूर मागं पडलं. मग एकदम माझा हात धरून म्हणाला, “मंग पोरगी बराबर वाजवत व्हती.” आधी मला उमजलंच नाही. मग सगळं उमजलं. मी त्या दिवशी जालन्यात नव्हतो, मोटार बसवायला भोकरदनला गेल्तो, पण वहिनींनी नंतर रडत सांगितलं होतं. तुमची कॅसेट निघाल्यावर तू ती घेऊन घरी आलीस, शेजारचे जमले, तू बापाच्या शेजारी बसून लावलीस. आणि अर्ध्यावर तो उठला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “तारेत जीव न्हाई. माझी गिटार नेली आन् मुडदा करून आणली.” तू कॅसेट काढून घेतली नाहीस. गिटार कोपऱ्यात उभी केलीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलीस. त्यानंतर तू वाजवलं नाहीस, हे आम्हा सगळ्यांना माहीत आहे. घरी येतेस, आईजवळ बसतेस, बापाच्या पुढ्यात ताट ठेवतेस आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी आहे म्हणून निघतेस. तुला वाटत असेल, एवढा मोठा वाजवणारा माणूस, त्यानं म्हटलं म्हणजे खरंच असेल. त्या दिवशी तो तसं बोलला, कारण त्याला खरंच तसंच ऐकू आलं होतं. खोटं बोलला नाही आणि तुला दुखवायला तर मुळीच बोलला नाही. पण ते खरं नव्हतं. तुमची ती कॅसेट मी काल वहिनींकडून आणून ऐकली. दोनदा ऐकली. तिसऱ्या गाण्याच्या आधी तू एकटी वाजवतेस, तिथं मी दुकानात उभा राहिलो. जी चमक तुझ्या बापानं जन्मभर शोधली ती त्यात आहे, आणि तुझा हात त्याच्याहून मोकळा आहे. हे मी माया म्हणून लिहीत नाही. कितीतरी वर्षं मी त्या एका आवाजाचंच काम केलंय, तेवढं मला कळतं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगतो. परवा वहिनींना तू फोनवर म्हणालीस, माळ्यावरची गिटार विहारातल्या पोरांना देऊन टाका, मला नको. त्यांनी ते साहेबरावला मोठ्यानं, दोनदा सांगितलं. त्याच्या आदल्याच आठवड्यात तो तुला भेटायला लातूरला निघाला होता. मी त्याला बसस्टँडवर सोडून आलो आणि तासाभरात तो परत दुकानात. विचारलं तर म्हणाला, “जाऊन काय करू? मी माफी मागंन. ती काहीतरी बोलंल. ती काय बोलली तेच मला ऐकू न्हाई आलं तर?” फोनवर तर त्याला आता काहीच उमजत नाही. म्हणून काल त्यानं मला सांगितलं, “मच्छिंद्र, तू लिही. तिला म्हणावं, चूक तिच्या हाताची नव्हती.” एवढंच लिहायला सांगितलंय, बाकीचं मी माझ्या मनानं लिहिलं. गिटार मी माझ्या दुकानात आणून ठेवली आहे, कोणाला देणार नाही. तू ती पुन्हा वाजवावीस की नाही, हे तुझं तू ठरव. त्याला ऐकवण्यासाठी म्हणून येऊ नकोस. तू वाजवलंस तरी तसं त्याला आता ऐकू येणार नाही, आणि ते त्यालाही पक्कं माहीत आहे. पण ये. दोन दिवसांची रजा काढून ये. त्याला अजून जवळून बोललेलं कळतं, ओठ दिसले तर बरंच कळतं. डावा कान पार गेलाय, उजवा थोडा आहे. तेव्हा आलीस की दारातून हाक मारू नकोस, तो वळणार नाही आणि तुला वाटेल, अजून राग आहे. सरळ आत जा, उजेडात त्याच्या समोर बस आणि सावकाश बोल.

तुझाच,
मच्छिंद्रकाका